जेजुरीचा दसरा

आश्विन महिना लागला, पावसाने काढता पाय घेतला, की पुणे जिल्ह्यातील जेजुरी या लहानशा गावाला दसऱ्याचे वेध लागतात. यंदाही ते लागतीलच.

गावाला लागूनच खंडोबाचा गड आहे. त्याहून उंच डोंगरावर कडेपठारचे जुने देऊळ आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी गडावरून देवाची पालखी निघते व रमण्याकडे जाते. रात्री कडेपठारची पालखीही तिच्या भेटीसाठी डोंगर उतरू लागते. वाट खडकाळ, भोवती अंधार! मशालींच्या उजेडात एकेक पाऊल जपून टाकावे लागते. एकाचा खांदा अवघडला, की दुसरा आपण होऊन पुढे सरतो. मध्यरात्र उलटल्यावर आरसा धरून त्यातून दोन्ही देवांची भेट घडवितात. ही कल्पना ज्याला प्रथम सुचली, तो मोठा रसिक असला पाहिजे! मग भंडारा उधळतात, सोने लुटतात आणि गडाची पालखी गावातून वाजतगाजत परतते.

तरुणांचे लक्ष मात्र दुसऱ्या दिवसाकडे असते. गडावर पानसे सरदारांनी देवाला अर्पण केलेला खंडा आहे. ही तलवार सुमारे ४२ किलो वजनाची, म्हणजे तुमच्यापैकी कित्येकांहून जड! ती एका हाताने जास्तीत जास्त वेळ तोलून धरावयाची असते. प्रथम लोक आरोळ्या देतात. हळूहळू हात थरथरू लागतो, कपाळावर घाम येतो आणि आरोळ्या थांबतात. अखेर खंडा खाली येतो. कमरेला शेला आवळून उभा असलेला पुढचा गडी मूठ पकडतो.