उबेखाली काय घडते? अंड्यातील स्निग्धांश आणि पिल्लाची घडण

संयुत्त निकायात कोंबडीचा एक दृष्टान्त आहे. आठ, दहा किंवा बारा अंडी असलेली कोंबडी त्यांच्यावर नीट बसली नाही, तर पिल्ले सुखरूप बाहेर यावीत अशी तिने कितीही इच्छा केली तरी ती येत नाहीत. ऊब यथायोग्य दिली, तर इच्छा न करताही ती नखांनी व चोचीने कवच फोडून बाहेर येतात. भगवान बुद्धांनी हा दृष्टान्त भिक्खूंना साधनेविषयी दिला. आम्ही येथे त्याचा केवळ वाच्यार्थ घेतो आणि विचारतो की, २१ दिवस ती ऊब अंड्याच्या आत नेमके कोणते कार्य करीत असते?

मातेच्या उदरातील जीवाला नाळेतून अन्न अखंड मिळते. अंड्यातील जीवाची शिदोरी मात्र आधीच बांधून दिलेली असते. कवचातून ये-जा होते ती केवळ वायूंची व बाष्पाची. बलकाचा सुमारे एक तृतीयांश भाग स्निग्ध पदार्थांचा असून भ्रूणाला लागणारी सुमारे ९० टक्के ऊर्जा त्यांतूनच मिळते.

परंतु हा मेद जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. बलकाभोवती भ्रूण रक्तवाहिन्यांनी भरलेले एक आवरण वाढवतो. तेथे विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, मेदाचे रेणू तोडून मेदाम्ले सुटी करतात. दुसरी विकरे तीच मेदाम्ले पुन्हा जोडतात, काही कोलेस्टेरॉलला बांधतात; मग प्रथिनांच्या वेष्टनात हे गाठोडे रक्तात सोडले जाते. ऊतींच्या दारी लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर ते सोडवते. तोडा, जोडा, पुन्हा तोडा, हा उद्योग वरकरणी व्यर्थ भासतो. तथापि मेद रक्तात विरघळत नाही आणि सुट्या मेदाम्लांचा अतिरेक पेशींना बाधतो. शिवाय या फेरबांधणीत निवडीला वाव मिळतो: बलकात अल्प असलेले डीएचए हे मेदाम्ल पिल्लाच्या मेंदूत मोठ्या प्रमाणात साठवले जाते.

कोलेस्टेरॉलचे नाव काढले की आपल्याकडे हृदयविकारच आठवतो. भ्रूणात त्याचे काम निराळे आहे. पिल्लाच्या पंखात कोणते बोट कोठे यावे, याचा संकेत सॉनिक हेजहॉग नावाचे प्रथिन देते, हे १९९३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणावरच दिसून आले. पुढे १९९६ मध्ये कळले की, या कुळातील प्रथिनांना कोलेस्टेरॉलचा रेणू जोडला जातो. मनुष्यात कोलेस्टेरॉल घडवणारे शेवटचे विकर सदोष असेल, तर स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ नावाचा विकार होतो. पायाची दुसरी व तिसरी बोटे जुळलेली असतात, बुद्धीची वाढही खुंटते. हा दोष माता व पिता दोघांकडून एकेक जनुक आल्याने उद्भवतो. अशी बालके जन्मली की आपल्या खेड्यापाड्यांत अजूनही आईला ग्रहणाचा जाब विचारला जातो. ग्रहणाचा येथे काडीइतकाही संबंध नाही.

आता उबेकडे वळू. विकरे ठरावीक तापमानातच सुरळीत चालतात. कोंबडीच्या अंड्यासाठी ते सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली ठेवलेल्या अंड्यांत कोंबडी बसण्यापूर्वीच वाढ अर्धवट सुरू होते आणि गर्भ मरतो. लोक नजर लागली म्हणतात. अंडी माठाशेजारी, गार सावलीत ठेवावीत आणि आठवड्याच्या आत खुडूक कोंबडीखाली घालावीत. (भ्रूणशास्त्राची गोडी लागलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी दूर जावे लागत नाही, पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीतच आहे.)

बाहेर येण्याच्या एक-दोन दिवस आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यावाचून तग धरते, म्हणूनच एक दिवसाची पिल्ले खोक्यांतून दूरवर पाठवता येतात. तो बलकही विकरेच पचवतात आणि पिल्लाला पहिले काही दिवस स्वतःची ऊब राखता येत नाही. खोके घरी आले की दाण्याआधी दिवा लावावा.