पुसण्यापूर्वी पाहा : संगणकाच्या आज्ञांचा एक पाठ



आपल्यापैकी पुष्कळांनी घरातील जुने फोटो, पत्रे व लग्नपत्रिका आता संगणकात घालून ठेवल्या आहेत. जागा भरत आली की आवराआवर करावी लागते. माउसने एकेक फाईल उचलण्याऐवजी टर्मिनल नावाच्या खिडकीत आज्ञा टाइप केली, तर शेकडो फाईली एका ओळीत हलतात. मात्र तितक्याच एका ओळीत त्या नाहीशाही होतात. म्हणून हा पाठ.

1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली सुरू केली. त्या काळची टाइप करण्याची यंत्रे संथ होती, म्हणून बऱ्याच आज्ञांची नावे दोन-तीन अक्षरांची ठेवली गेली. आजचे लिनक्स व मॅक त्याच वळणाचे आहेत. आम्ही येथे उच्चार देतो. टाइप करताना इंग्रजी लहान लिपीतील अक्षरे सलग लिहावीत.

पहिली पायरी, पाहणे. पी-डब्ल्यू-डी म्हटले की आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते कळते. एल-एस म्हटले की तेथील फाईलींची यादी येते. डी-यू ही आज्ञा कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली ते सांगते, तर डी-एफ डिस्कवर किती जागा उरली ते.

दुसरी पायरी, नक्कल. सी-पी लिहून, रिकामी जागा सोडून डॅश-ए जोडले, की फोल्डर आतील सर्व फाईलींसह व त्यांच्या तारखांसह उतरतो. नक्कल पेन ड्राइव्हवर करावी. त्याच डिस्कवर केलेली नक्कल डिस्क बिघडली की मूळ फाईलीबरोबरच जाते.

तिसरी पायरी, पडताळणी. डिफ, डॅश-आर, मग दोन्ही फोल्डरांची नावे. फरक असेल तर संगणक दाखवतो. नसेल तर काहीच बोलत नाही. येथे मौन म्हणजे "सर्व ठीक".

चौथी पायरी, पुसणे. त्याची आज्ञा आर-एम. येथे कचऱ्याची टोपली नाही. आम्ही मास्तरकी केलेली माणसे, म्हणून शाळेचाच दाखला देतो. आर-एम पटावरून फाईलीचे नाव कमी करते. मजकूर त्याच क्षणी जातो असे नाही, पण त्याचे बाकडे दुसऱ्याला देण्यास मोकळे होते. नंतर तो परत मिळेलच असा भरवसा नाही.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. वडिलांच्या पत्रांच्या फोल्डरमधून, नावाच्या शेवटी "टिंब टी-एम-पी" असलेल्या निरुपयोगी फाईली काढायच्या होत्या. आर-एम, मग तारा, मग लगेच टिंब टी-एम-पी असे लिहायचे. आमचे बोट चुकले आणि ताऱ्यानंतर एक रिकामी जागा पडली. नुसता तारा म्हणजे "येथील सर्व फाईली". लिनक्सने सर्व पत्रे पुसली आणि वर "टिंब टी-एम-पी नावाची फाईल नाही" एवढीच तक्रार केली! नातवाकडील नकलेमुळे निम्मी पत्रे मिळाली. उरलेल्यांचे मूळ कागद जीर्ण झाले म्हणून आम्ही आधीच टाकून दिले होते.

तेव्हापासून आमचा नियम असा : तारा वापरायचा असेल तर तीच ओळ आधी एल-एस लावून चालवावी, यादी नीट वाचावी, मगच एल-एसच्या जागी आर-एम लिहावे. डॅश-आय जोडले तर संगणक प्रत्येक फाईलीपूर्वी "पुसू का?" असे विचारतो. फाईलीच्या नावात रिकामी जागा असेल तर नाव अवतरणचिन्हांत घालावे, नाहीतर ती दोन नावे समजली जातात. हिब्रू उजवीकडून वाचतात, त्यामुळे टर्मिनलमध्ये हिब्रू नावे उलटसुलट दिसू शकतात. नावे इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत ठेवणे सोयीचे.

विंडोजमध्ये याच कामांना डिर, कॉपी, एफ-सी व डेल अशा आज्ञा आहेत. डेलने पुसलेली फाईलही टोपलीत जात नाही.

गृहपाठ : एक रिकामा फोल्डर करावा, त्यात बिनमहत्त्वाच्या पाच फाईली ठेवाव्यात आणि चारही पायऱ्या क्रमाने गिरवाव्यात. हात बसेपर्यंत घरच्या पत्रांना हात लावू नये.