फोर व्हील ट्रॅक्टर पुढचा शाफ्ट काढून चालवताय? आधी हे वाचा



ऊस वाहतुकीच्या घाईत पुढच्या शाफ्टचं कपलिंग गेलं, की शाफ्ट काढून काम चालू ठेवलं जातं. ट्रॅक्टर मागच्या चाकांवर चालतो, हे खरं. पण एवढं ध्यानात ठेवा:

1) ब्रेक: बऱ्याच ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. फोर व्हील चालू असेल तर शाफ्टमधून पुढची चाकंही धरली जातात. शाफ्ट काढला की ही मदत गेली. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून भरलेली ट्रॉली घेऊन उतरू नका.

2) ओढ: ओल्या काळ्या रानात मागची चाकं जागेवर फिरून रुततात. भरलेली ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरने बाहेर काढा.

3) देखभाल: फोर व्हीलचा लिव्हर बंदच ठेवा. गार्ड, बोल्ट लोंबकळत सोडू नका. सीलमधून तेल गळतंय का, रोज बघा.

4) मूळ कारण: पुढची चाकं साधारण 1 ते 5 टक्के जास्त ओढतील अशीच गिअरची रचना असते. रानात चाक थोडं घसरतं, फरक निघून जातो. डांबरीवर निघत नाही. मग शाफ्टवर ताण येतो, टायर झिजतात. म्हणून रान सुटलं की फोर व्हील बंद करा. टायर बदलताना कंपनीने दिलेल्या मापाचेच घ्या.

शाफ्ट काढणं ही गॅरेजपर्यंत पोचायची सोय आहे; त्यावर अख्खा हंगाम काढू नका. भवानीनगर, माळेगाव, बिजवडीच्या कारखान्यांच्या रस्त्यांवर आपलीच पोरंबाळं दुचाकीवर असतात.