सात इंची ब्लेड, एकोणीस मिलिमीटरचा प्लाय

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी घरांत पुस्तकं फार आणि भिंती थोड्या. मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ पासून गावात आहे, तरी प्रत्येकाला घरात आपलं वेगळं संग्रहालय हवंच असतं, आणि दिवाळी अंक रद्दीत घालायला कुणाचा हात धजत नाही. मग कधीतरी मांडणीचं काम निघतं. मिस्त्री येतो, गच्चीवर पसारा मांडतो आणि पिशवीतून मार्बल कटर काढून त्यानं प्लाय कापायला बसतो.

हा कटर फरशीसाठी केलेला आहे. फरशीच्या ब्लेडला लाकडाच्या ब्लेडसारखे दाते नसतात. हिऱ्याच्या बारीक कणांची कड असते आणि ती दगड घासत जाते. त्याच जागी लाकडाचं चार इंची दातेरी ब्लेड चढवलं की मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी त्याचा दाता ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात धावतो. वर अर्धं झाकण असतं, खाली काहीच नसतं. खटका सोडून मशीन बाजूला ठेवलं तरी ब्लेड काही सेकंद फिरतच राहतं, आणि तेवढ्यात ते लादीवर, वायरवर किंवा मांडीवर चालून जातं. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावणं तर याहून वाईट. या दोन्ही गोष्टी स्वस्त पडतात म्हणून सर्रास चालतात; माझ्या मते घरच्या कामाला त्या दारातूनच परत पाठवाव्यात.

लाकडासाठी मशीन घ्यायचं ते सात इंची हातातलं सर्क्युलर सॉ. याचे फेरे मिनिटाला पाच हजारांच्या आसपास. दात्याचा वेग तरीही ताशी पावणेदोनशे किलोमीटर भरतो, पण ब्लेडच्या खालच्या अर्ध्यावर स्प्रिंगचं झाकण असतं. मशीन पुढे सरकतं तसं ते मागे हटतं आणि काप संपताच आपोआप मिटतं. या जातीचं मशीन १९२० च्या दशकात अमेरिकेत एडमंड मिशेल यांनी केलं. शेतात हातानं चाललेली ऊसतोड पाहून त्यांनी कोयत्याला मोटर जोडली आणि तिथून हे सुचलं, असं सांगतात. ऊसतोड आपल्याकडेही पिढ्यान्पिढ्या चालली, कोयता मात्र कोयताच राहिला.

१. ब्लेड निवडा. कोठीच्या अलीकडे ट्रूप बाजारात ब्लेड मिळतं. निवड जास्त हवी असेल तर सिकंदराबादला राणीगंज गाठा. मशीनवरचा पत्रा वाचून तीन आकडे लिहून न्या: ब्लेडचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि मशीनचे फेरे. ब्लेडवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवी. भोक मोठं निघालं तर दुकानदार ‘पट्टी गुंडाळून बसवा’ म्हणेल, ते ऐकू नका. मापाची रिंग मिळते, ती घ्या. २४ दात्यांचं ब्लेड जाड फळ्या लाकडाच्या रेषांच्या दिशेनं भराभर फाडायला, ४० दात्यांचं प्लायला, ६० दात्यांचं सनमाइका लावलेल्या प्लायला. एकच घ्यायचं असेल तर ४० दात्यांचं.

२. ब्लेड बसवा. आधी प्लग काढा. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. प्लगची पिन डोळ्यांसमोर असू द्या, म्हणजे कुणी पोर येऊन ती लावणार नाही. स्पिंडलचं लॉक दाबून ॲलन की लावा. बोल्ट कुठल्या बाजूला सैल होतो हे पाठ करायची गरज नाही: कापताना ब्लेड ज्या दिशेला फिरतं, त्याच दिशेला बोल्ट फिरवला की सैल होतो. ब्लेडवरचा बाण आणि झाकणावरचा बाण एकाच दिशेला हवेत. हातातल्या सॉचे दाते पुढच्या बाजूला खालून वर येतात, म्हणून उलटं बसवलेलं ब्लेड कापत नाही, नुसतं जाळतं. बसवून झालं की खालचं झाकण बोटानं मागे ओढून सोडा. खाड्कन मिटलं पाहिजे. अर्ध्यात रेंगाळलं तर आज काप नाही. आधी आतला भुसा आणि राळ साफ करा.

काही जण हे झाकण सतत अडतं म्हणून तारेनं मागे बांधून टाकतात. तसं करणाऱ्या गिऱ्हाइकाला एका जुन्या मिस्त्रीनं दिलेला सल्ला मी ऐकला आहे: ‘साब, गार्ड को नक्को बांधो, उंगल्यां जाते.’ यात भर घालण्यासारखं काही नाही.

३. करंटची सोय. १४०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअरहून थोडा जास्त करंट घेतं आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. पंख्याच्या छोट्या सॉकेटवरून चालवू नका, १६ अँपिअरच्या सॉकेटवरून घ्या. जुन्या घरातली गच्ची म्हटली की एक्स्टेन्शन आलंच. त्याची वायर तांब्याची, निदान दीड चौरस मिलिमीटरची असावी आणि रीळ पूर्ण उलगडलेलं असावं. गुंडाळलेल्या रिळात वायर तापते. बारीक वायरीतून व्होल्टेज पडलं की मोटर गुरगुरते आणि तापते, आणि मिस्त्री मग ब्लेडला दोष देतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तम. वायर चुकून कापली गेली तर तोच मध्ये पडतो.

४. अंगावरचं आवरा. लुंगी, ओढणी, उपरणं, सैल बाही, मनगटातला गंडा, अंगठी, कडं, गळ्यातला इअरफोन, सगळं काढून ठेवा. हातमोजे घालू नका. दात्यात अडकलेला मोजा हात घेऊनच आत जातो. डोळ्यांवर बाजूनं बंद असलेला गॉगल, कानात बोळे, पायात बूट. गच्चीवर अनवाणी काम करायची सवय असली तरी त्या दिवशी मोडा. मास्कही हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाचा भुसा १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवला आहे, आणि सागवानाच्या भुशानं पुष्कळांचे डोळे-नाक चुरचुरतात. रुमाल बांधून हे थांबत नाही, एन-९५ घ्या.

५. आखणी. आठ बाय चारच्या प्लायमधून बारा इंची चार पट्ट्या निघतील असा हिशेब कागदावर छान बसतो. प्रत्यक्षात ब्लेड दर कापाला दोन-अडीच मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं. तीन काप म्हणजे साडेसात मिलिमीटर गेले, सुताराच्या भाषेत दोन सूत आणि वर थोडं. म्हणून पट्टी पावणेबारा इंचांची धरा, मग कारखान्याची खडबडीत कडही साफ करता येते. रेषेच्या कुठल्या बाजूला ब्लेड चालणार, तिथे फुली मारा. गुण्या लावून दोन्ही टोकं तपासा. दाते खालून वर येत असल्यामुळे चिलप्या वरच्या बाजूला उडतात. म्हणून जी बाजू दिसणार आहे ती खाली ठेवा आणि रेषेवर कागदी चिकटपट्टी लावा.

६. आधार. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण अपघाताचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. काप पुढे जात असताना प्लाय मध्ये खचला, तर कापाच्या दोन्ही कडा ब्लेडला चिमटा घेतात. ब्लेडच्या मागच्या बाजूचे दाते मात्र वरून खाली जात असतात. कडा आवळल्या की ते लाकडात रुततात आणि संपूर्ण मशीन उसळून तुमच्याकडे फेकलं जातं. हे इतक्या झटकन होतं की हात मागे घेण्याची कल्पना सुचण्याआधीच मशीन मांडीवर आलेलं असतं. काही मशीनना ब्लेडच्या मागे कडा फाकवून ठेवणारं पोलादी पातं असतं. तुमच्या मशीनला असेल तर काढू नका. नसेल तर सगळी मदार आधारावरच.

दोन स्टुलांवर प्लाय आडवा टाकून मधोमध कापणं म्हणजे कडा मिटवण्याची पक्की सोय. त्याऐवजी गच्चीच्या लादीवर सारख्या जाडीच्या चार पट्ट्या आठ फुटांभर ठेवा, दोन रेषेच्या अलीकडे आणि दोन पलीकडे, आणि त्यावर प्लाय पसरा. आता काप पूर्ण झाला तरी दोन्ही तुकडे जागेवरच बसून राहतात. १९ मिलिमीटरचा अख्खा प्लाय पस्तीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा तो एकट्यानं हलवू नका. पायानं दाबून धरून कापण्याची आपल्याकडची पद्धत इथे पूर्ण वर्ज्य, सी-क्लॅम्प लावा. आणि प्लायच्या दुकानात मोठं कापायचं मशीन असेल तर आठ फुटी काप तिथेच मारून आणा. त्यात कमीपणा काही नाही, गल्लीतून न्यायलाही पट्ट्या सोप्या पडतात.

७. खोली आणि पट्टी. प्लग अजून काढलेलाच आहे ना? ब्लेड प्लायच्या खाली एक-दोन सूत दिसेल एवढंच खाली घ्या. १९ मिलिमीटरला २२ ते २५ पुरे. ब्लेड पूर्ण सोडलं तर चिमटा घ्यायला ब्लेडचा जास्त भाग सापडतो आणि खाली दातेही जास्त उघडे राहतात. नजरेनं सरळ काप येत नाही. ॲल्युमिनियमची सरळ पट्टी क्लॅम्पनं आवळा आणि तिला बेस प्लेटची कड घासत न्या. ब्लेडपासून बेसच्या कडेपर्यंतचं अंतर पुस्तिकेतून घेऊ नका, टाकाऊ तुकड्यावर एक काप मारून मोजा आणि मशीनवरच मार्करनं लिहून ठेवा. ब्लेडची जाडी बदलली की पुन्हा मोजा. मशीन बंद ठेवूनच एकदा पट्टीवरून शेवटपर्यंत सरकवून पाहा. मोटरचं पोट क्लॅम्पच्या मुठीला अडतं, हे अर्ध्या कापात कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

८. काप. आता प्लग लावा. वायर खांद्यावरून मागे टाका. ब्लेडच्या सरळ मागे उभे राहू नका की बसू नका, एका बाजूला राहा. मशीन उसळलं तर ते त्याच रेषेत येतं. बेसचा पुढचा भाग प्लायवर टेकवा, ब्लेड लाकडाला लागू देऊ नका. दोन्ही हात मुठींवर. खटका दाबा, आवाज चढून स्थिर होईपर्यंत थांबा, मग पुढे ढकला. मोटरच्या आवाजावर कान ठेवा. आवाज उतरला तर वेग कमी करा. जळका वास आला तर फार हळू चालला आहात किंवा ब्लेड बोथट आहे.

काप वाकडा जायला लागला तर मशीन पिळून रेषेवर आणू नका. खटका सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मशीन मागे घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. फिरतं ब्लेड मागे ओढणं ही मशीन उसळवण्याची दुसरी खात्रीची रीत. करंट गेला तर आधी खटक्यावरचं बोट काढा, मग प्लग काढा, नंतर शेजाऱ्यांकडे गेला का ते विचारा. काप संपला की झाकण मिटल्याचं पाहूनच मशीन खाली ठेवा.

एवढं करूनही घात झालाच तर जखम स्वच्छ कापडानं घट्ट दाबा, हात वर धरा आणि १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. हळद, कॉफीची पूड असलं काही जखमेत भरू नका. नंतर ते काढण्यात डॉक्टरांचा वेळ जातो.

९. देखभाल. आपल्याकडे हत्यारं वर्षातून एकदा, खंडेनवमीला पुसली जातात आणि त्यांना हळदकुंकू लागतं. पूजा करावी, पण भुसा काढायला दसऱ्याची वाट पाहू नये. काम संपलं की प्लग काढून मोटरच्या हवेच्या फटी आणि झाकणाची आतली बाजू रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडा. झाकणाच्या खिळीला तेल चोपडू नका, तेलावर भुसा बसून तीच अडकते.

काप जड जायला लागला की लोक लगेच धार लावायला पळतात. बहुतेकदा धार शाबूत असते, दात्यांच्या बाजूंवर राळेचा तपकिरी थर चढलेला असतो. ब्लेड काढून परातीत कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, लगेच कोरडं करा. ती परात पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही हे मात्र आधी ठरवून टाका. त्याच वेळी प्रत्येक दात्यावरून नजर फिरवा. कार्बाइडचा एखादा तुकडा उडालेला दिसला किंवा ब्लेडला चीर दिसली तर ते ब्लेड भंगारात.

बेस प्लेट वाकली आहे का, हे गुण्यानं ब्लेडशी ९० अंशांत तपासा; गच्चीवरून एकदा पडलेलं मशीन पुढे कायम तिरकं कापतं. वायर मशीनमध्ये शिरते तिथलं रबर तडकलं असेल तर इन्सुलेशन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, वायर बदला.

मोटरच्या आत ठिणग्या मोठ्या दिसायला लागल्या किंवा मशीन मध्येच बंद पडून हलवल्यावर सुरू व्हायला लागलं, तर बहुधा कार्बन झिजलेत. दोन्ही बाजूंच्या टोप्या स्क्रूड्रायव्हरनं उघडा. कार्बनवर मर्यादेची रेघ असते. ती नसेल तर पाच-सहा मिलिमीटर उरले की बदला. दुकानात जुना कार्बन खिशात घालून न्या, कारण कंपनीचं नाव सांगून दुकानदार मॉडेल विचारतो आणि मॉडेल कुणालाच आठवत नसतं. एकच झिजलेला दिसला तरी जोडी बदला. नवे बसवल्यावर चार-पाच मिनिटं मशीन लाकडाविना चालवा, म्हणजे कार्बनचं तोंड आर्मेचरच्या गोलाईला बसतं, आणि मग पहिला काप टाकाऊ तुकड्यावर मारा.