जुन्या दुनळी बंदुकीची पारख
जुनी इंग्रजी दुनळी बंदूक घेताना दस्त्याच्या झिलईआधी नळी पाहावी. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ च्या सनदेने, तर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाला १८१३ च्या कायद्याने नळ्या तपासून मुद्रा उमटविण्याचा अधिकार मिळाला. परंतु मुद्रा ही त्या दिवसापुरतीच साक्ष होय. पुढे गंजाचे खड्डे घालविण्यासाठी कोणी नळी आतून घासली असेल, तर ती आरशासारखी चमकते आणि तितकीच पातळ होते. भोळा गिऱ्हाईक नेमका या चमकेलाच भुलतो. म्हणून भिंतीची जाडी जागोजाग मोजून घ्यावी. ०.०२० इंचाहून कमी जाडी जाणकार धोक्याची मानतात. काळ्या दारूपुरतीच चाचणी झालेल्या दमास्कस नळीत आजचे धूरविरहित दारूचे काडतूस घालू नये, मग तिच्यावरील वळणदार नक्षी कितीही नव्याने उजळलेली असो.