पाण्याचा दाब आणि पुण्याचा धडा

पाणी जितकें खोल, तितका त्याचा दाब अधिक, हा नियम आम्ही पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकवितों. विद्यार्थी तो पाठ करितात, उदाहरणें सोडवितात व गुणही मिळवितात. परंतु हाच नियम आपल्या शहरास एकदां किती महाग पडला, हें त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें.

ता. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण फुटलें. त्याचें बांधकाम पुरतें झालेलें नव्हतें. पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीच्या दरवाजांचें कामही अपुरें होतें. तरी त्या पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठविण्यांत आलें. बांध खचूं लागतांच लष्कराच्या जवानांनीं रात्रभर पोतीं रचलीं, तथापि तो टिकला नाहीं. तो लोंढा खालच्या खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आदळला व त्यासही खिंडार पडलें. पुण्यांत लकडी पूल पाण्याखालीं गेला; नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील नदीकांठचीं घरें कोसळलीं आणि हजारों कुटुंबें उघड्यावर पडलीं. शहरास पाणी पुरविणारें धरणच गेल्यामुळें पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले!

हा धडा वर्गांत दोन प्रकारें घ्यावा, असें आमचें मत आहे. प्रथम प्रयोग करावा. पत्र्याच्या उंच डब्यास वर, मध्यें व खालीं अशीं तीन छिद्रें पाडून तो पाण्यानें भरावा. सर्वांत खालची धार सर्वांत जोरानें निघते. मग परातींत मातीचा लहान बांध घालून एका बाजूस हळूहळू पाणी ओतावें. पाणी माथ्यावरून वाहूं लागलें, कीं प्रथम बोटभर चर पडते आणि पाहतां पाहतां सारा बांध वाहून जातो.

यानंतर दुसरा भाग येतो. एका विद्यार्थ्यानें इंजिनियर व्हावें, दुसऱ्यानें पाण्याची वाट पाहणारा शेतकरी, तिसऱ्यानें नदीकांठचा रहिवासी. अपुऱ्या धरणांत पाणी अडवावें काय? थांबल्यास तोटा कोणाचा, न थांबल्यास धोका कोणास? सूचना केव्हां व कोणीं द्यावी? या प्रश्नांचें उत्तर सूत्रांत सांपडत नाहीं. परंतु सूत्र न जाणणाऱ्यास तें नीट देतांही येत नाहीं.

हें सारें जुनें झालें, असें कोणीं समजूं नये. जुलै १९६१ नंतर त्रेसष्ट वर्षांनीं, ता. २५ जुलै २०२४ रोजीं, खडकवासल्यांतून सोडलेलें पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींतील घरांत शिरलें.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां धरणें बांधील, कोणी हुकमावर सही करील, कोणी नदीकांठीं बिऱ्हाड करील. तिघांनाही दाबाचा नियम ठाऊक असावा. आणि पहिल्या दोघांनीं तिसऱ्याचें घर विसरूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.