पहिला झेल

संध्याकाळी जालना जिल्ह्यातील कोणत्याही गावातून फिरा. मोकळ्या जागेत मुले खेळताना दिसतील. कोठे क्रिकेट, कोठे लगोरी, तर कोठे विटीदांडू. पण जरा कडेला पाहा. तेथे चार-पाच वर्षांचे एखादे मूल उभे असते. “तुला झेलता येत नाही,” असे म्हणून मोठ्या मुलांनी त्याला बाजूला केलेले असते. लांब गेलेला चेंडू आणून देणे, एवढेच त्याचे काम!

झेलता येत नाही म्हणून त्याला खेळायला मिळत नाही. आणि खेळायला मिळत नाही म्हणून त्याला झेलता येत नाही. हे चक्र कोण मोडणार? तुमच्यासारखी मोठी भावंडेच ते मोडू शकतात.

लहान मुलाच्या हातून चेंडू का सुटतो? चेंडू जवळ आला की ते डोळे मिटते किंवा तोंड फिरवते, कारण चेंडू लागेल अशी त्याला भीती वाटते. शिवाय नजर आणि हात यांचा मेळ अजून नीट बसलेला नसतो. हा वेंधळेपणा नव्हे. आपण हसलो, तर त्याची भीती आणखी वाढते.

म्हणून आधी भीती घालवावी. ईदला किंवा जत्रेत घेतलेला फुगा वर उडवा आणि मुलाला तो झेलू द्या. फुगा सावकाश खाली येतो व लागत नाही. त्यानंतर चिंध्यांचा मोठा, मऊ चेंडू करा. दोन पावलांवर उभे राहून तो खालून हळूच टाका. मुलाने दोन्ही हातांची ओंजळ करावी आणि हातात येईपर्यंत चेंडूवर नजर ठेवावी. चेंडू येताच हात किंचित मागे घ्यावेत. ताठ हातांवरून चेंडू उसळतो, सैल हातांत तो विसावतो. झेल जमू लागले की एकेक पाऊल मागे सरका.

फेकणेही असेच शिकवावे. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे टाकावा. नजर निशाणावर असावी. भिंतीवर खडूने मोठे वर्तुळ काढा. नेम बसू लागला की वर्तुळ लहान करा.

मग लगोरी खेळा. फरशीचे सात चपटे तुकडे एकावर एक रचा. एका गटाने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि ती पुन्हा रचायची. दुसऱ्या गटाने चेंडू अडवून रचणाऱ्यांना मारायचा. लहानांसाठी दोन नियम करा : चेंडू मऊ असावा आणि तो कमरेच्या खालीच मारावा. या एकाच खेळात नेम, झेल, धावणे आणि सावधपणा यांचा सराव होतो. मुलींनाही बरोबरीने खेळू द्या.

एकनाथ सोलकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यात मैदानाची देखभाल करीत. सोलकर फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहत, तेही हेल्मेटशिवाय! त्यांनी २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल घेतले. १९७१ साली ओव्हलच्या मैदानावर पुढे झेपावून त्यांनी ॲलन नॉटचा झेल घेतला. तो सामना भारताने जिंकला आणि इंग्लंडमधील पहिला मालिका-विजय मिळवला. जालन्याचा विजय झोल २०१४ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता.

प्रत्येक मूल एवढे मोठे खेळाडू होणार नाही. तशी गरजही नाही. पण हातात पहिला झेल विसावला की मुलाचा चेहरा उजळतो आणि “आणखी एकदा टाका!” असे ते स्वतःच म्हणते. त्या दिवसापासून ते कडेला उभे राहत नाही.

स्वाध्याय
१. लहान मुलाच्या हातून चेंडू का सुटतो?
२. झेल शिकवताना आधी फुगा का वापरावा?
३. कारण लिहा : चेंडू झेलताना हात किंचित मागे घ्यावेत.
४. तुमच्या लहान भावंडाला एक खेळ शिकवा व त्याविषयी पाच वाक्ये लिहा.